बोर्ड तोच राहू द्या, पैसे प्रोसेसर आणि रॅमवर घाला

पत्र: दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका गावात राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१९ मध्ये अमरावतीहून असेंबल करून आणलेला कॉम्प्युटर आहे. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक (डीडीआर४, २४००), जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). व्हॅलोरंटमध्ये धूर पडला आणि चार-पाच जण समोर आले की गेम अडकतो. जीटीए ५ मध्ये शहरातून गाडी जोरात पळवली की हिसके बसतात. मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड चालू असले तर विचारूच नका. सोयाबीनच्या पैशातून बाबा २० हजार देतो म्हणाले. दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, हा बोर्ड आता गेला, डीडीआर५ वरच या,’ आणि ४६ हजारांचं कोटेशन हातात दिलं. काय करू? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि खोलीवर टिनाचं छप्पर आहे, हेही लक्षात घ्या.

उत्तर:

भाऊ, ते ४६ हजारांचं कोटेशन घडी घालून ठेवून द्या. तुमचा बोर्ड गेलेला नाही. बी४५० हा एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) बोर्ड. एएमडी कंपनीने याच सॉकेटसाठी २०१७ पासून २०२५ पर्यंत नवनवे रायझन काढले. तुमचा २२००जी फेब्रुवारी २०१८ चा, म्हणजे त्या रांगेत अगदी पुढे उभा असलेला. चार कोर, चारच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आणि ४ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी). त्याच खाचेत सहा कोर, बारा थ्रेड आणि ३२ एमबी कॅशचा प्रोसेसर बसतो, आणि त्यासाठी बोर्डाचा एक स्क्रूही काढावा लागत नाही.

दुकानदार फसवतो आहे असंही नाही. शून्यातून नवा कॉम्प्युटर बांधायचा असता, किंवा बोर्डच जळाला असता, तर एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) आणि डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) हा सल्ला बरोबर ठरला असता. पण त्या वाटेने गेलं की प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम घ्यावे लागतात. एएम५ वर डीडीआर४ चालत नाही; स्टिकची खाचच वेगळ्या जागी असते. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरकडे वळवला. डीडीआर४ सुद्धा महागली आहे. पण तुम्हाला ती एकदाच घ्यायची आहे आणि तिच्यासोबत बोर्ड घ्यायचा नाही. इतका खर्च करूनही जीटीएक्स १६५० तेच राहणार असेल, तर त्या ४६ हजारांतले निम्मे पैसे नुसते बसून राहतील.

तरी पैसे मोजण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्या. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, त्यासोबत रिव्हाट्यूनर येतं. पडद्यावर या गोष्टी दिसतील असं लावा: ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रत्येक कोरचा वापर वेगवेगळा, रॅम किती भरली आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. मग व्हॅलोरंटचा डेथमॅच खेळा. सरावाच्या रेंजमध्ये मोजून उपयोग नाही, तिथे गर्दीच नसते. अडकतं त्या क्षणी कार्ड ५०-६० टक्क्यांवर आणि चारही कोर शंभराला टेकलेले असतील, तर दोषी प्रोसेसर. कार्ड ९५ च्या वर असेल तर नवा प्रोसेसर टाकून सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) फारसे हलणार नाहीत. खात्रीसाठी रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची. जैसे थे राहिले तर प्रोसेसर किंवा रॅमची.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून अंदाज असा. व्हॅलोरंटचं अडकणं प्रोसेसरचं आहे. धूर आणि गर्दी आली की हिशोब वाढतो आणि चार थ्रेड पुरत नाहीत. जीटीएचे हिसके मात्र बरेचसे रॅमचे असावेत. विंडोज, क्रोम आणि डिस्कॉर्ड मिळून ८ जीबीतला मोठा वाटा खातात. शहराचा नवा भाग आला की जागा नसते, मग विंडोज रॅममधलं सामान एसएसडीवर टाकतं आणि लागलं की परत उचलतं. तेवढ्या वेळात गाडी खांबावर गेलेली असते.

आता प्रोसेसर. घ्यायचा तो रायझन ५ ५६००. दुकानात गेल्यावर याच नावाची भावंडं समोर येतील आणि गोंधळ होईल, म्हणून इथे जरा थांबू या.

५६००जी आणि ५६००जीटी: ‘यात ग्राफिक्स पण आहे, भाव जवळपास तोच, मग हाच घ्या’ असं सांगितलं जाईल. यांच्यात एल३ कॅश १६ एमबीच आहे, ५६०० च्या निम्मी. तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे, तेव्हा आतलं ग्राफिक्स नुसतं पडून राहील आणि कॅश मात्र कमी मिळेल. ५५०० हा तर याच चिपचा ग्राफिक्स बंद केलेला प्रकार. त्यातही १६ एमबीच. नावात फक्त शंभराचा फरक दिसतो म्हणून तो ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो. तसा तो नाही. कोणी पीसीआय एक्सप्रेस ४.० चं (कार्डापर्यंतच्या जलद मार्गाचं) कारण सांगितलं तर तिकडे दुर्लक्ष करा. तुमचा बोर्ड कार्डाला ३.० च देतो, कोणताही प्रोसेसर बसवा.

कॅशवर इतका भर का? गेममध्ये प्रत्येक फ्रेमला कोण कुठे उभा आहे, कोणती गोळी कुठे गेली, हा बारीक हिशोब पुन्हापुन्हा चाळावा लागतो. तो कॅशमध्ये मावला तर प्रोसेसर तिथल्या तिथे उरकतो. नाही मावला तर दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा, आणि त्याला कॅशच्या कित्येक पट वेळ लागतो. एफपीएसची सरासरी चांगली दिसूनही मधेच अडकतं ते याच हेलपाट्यांमुळे. ५००० मालिकेच्या ५६०० मध्ये सगळी ३२ एमबी कॅश सहाही कोरांना एकत्र मिळते. जुन्या ३६०० मध्येही आकडा ३२ च आहे, पण ती १६-१६ अशी दोन भागांत वाटलेली असते. वापरलेला ३६०० स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी मित्र सुचवेल तेव्हा एवढं आठवा.

५६००एक्स म्हणजे ५६०० च, बूस्ट ४.४ ऐवजी ४.६ गिगाहर्ट्झ. जास्तीचे दोन-पाचशे असतील तर घ्या, त्याहून जास्त देऊ नका. ५७००एक्स आठ कोरांचा, पण त्याच्या डब्यात कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. ९६ एमबी कॅशचा ५७००एक्स३डी गेमसाठी उत्तम, पण १६५० सोबत तो लावणं म्हणजे पैसा वाया. ५६०० च्या डब्यात कूलर येतो, त्याच्या बुडाला पेस्ट आधीच लावलेली असते.

रॅममध्ये घ्यायच्या दोन स्टिका, ८-८ जीबीच्या, एकाच पाकिटातल्या, डीडीआर४ ३२००, सीएल१६. ‘आता १६ ची एकच घ्या, पुढे दुसरी टाकू’ हा सल्ला ऐकू नका. एका स्टिकवर मेमरीचा एकच मार्ग उघडतो. विहिरीत पाणी भरपूर आणि पाइप मात्र दीड इंची, असा तो प्रकार. दोन स्टिकांनी रुंदी दुप्पट होते.

सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचं माप. हा आकडा का बघायचा? सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, उत्तर जितकं लहान तितकं चांगलं. ३२०० सीएल१६ चं उत्तर १० नॅनोसेकंद येतं. ३६०० सीएल१८ चंही १० च. ३२०० सीएल२२ चं मात्र १३.७५. म्हणजे पाकिटावर ३२०० दोन्हीकडे छापलेलं असलं तरी माल वेगळा. बिनपत्र्याच्या हिरव्या स्टिका बहुधा सीएल२२ च्या असतात. भावात मोठा फरक असेल तर त्याही चालतील, फक्त सीएल१६ च्या भावात सीएल२२ घेऊ नका. ३६०० हा ५६०० साठी जास्तीत जास्त उपयोगाचा वेग, पण ३२०० पेक्षा फायदा थोडाच, आणि बी४५० च्या काही बोर्डांवर तो स्थिर राहत नाही. त्याच्या मागे लागू नका.

२० हजारांत दोन्ही बसलं नाही तर? आधी प्रोसेसर घ्या. रॅममध्ये तेवढ्यापुरती ८ जीबीची एक स्टिक जुन्या स्टिकच्या जोडीला लावा, वापरलेली मिळाली तरी चालेल. दोन्ही मिळून जुन्या स्टिकच्या २४०० च्या वेगाने चालतील, पण मार्ग दोन उघडतील आणि जागा १६ जीबी होईल. हा तात्पुरता उपाय आहे. वेगवेगळ्या कंपनीच्या स्टिका कधी कधी जमत नाहीत, म्हणून ‘नाही चालली तर परत’ हे आधी बोलून घ्या.

खरेदी झाली की लगेच पेचकस हातात घेऊ नका. पहिलं काम बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं), आणि ते जुना प्रोसेसर आत असतानाच करायचं. २०१९ च्या बोर्डातल्या बायोसला ५६०० ओळखता येत नाही. आधीच प्रोसेसर बदलला तर पंखा फिरेल, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. मग लोक म्हणतात, नवा प्रोसेसर खराब निघाला.

बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन नंबर बोर्डावरच छापलेला असतो. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्येही दिसतो. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसरची यादी बघा. ५६०० समोर किमान कोणती बायोस आवृत्ती लागते ते तिथे लिहिलेलं असतं. शेजारची टीपही वाचा. काही बोर्डांवर आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, मगच शेवटची. फाइल एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि बायोसच्या आतल्या अपडेटच्या पर्यायातून टाका. विंडोजमधून टाकायचं धाडस नको.

आपल्याकडे खरी भीती लाइनची. बायोस लिहिताना लाइन गेली तर बोर्ड मुका होतो आणि मग चिप प्रोग्राम करणारा माणूस शोधत नागपूर किंवा अमरावती गाठावं लागतं. म्हणून हे काम यूपीएसवरच करा. ६०० व्हीएचा साधा यूपीएसही पुरतो, कारण त्या वेळी मशीन फार वीज ओढत नाही. तुमच्याकडे नसेल तर गावातल्या सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सवाल्याकडे असतो, अर्ध्या तासासाठी मागून आणा. पावसाचं वातावरण असेल किंवा डीपीवर काम चालू असेल तर तो दिवस टाळा.

बायोस झाल्यावर जुन्याच प्रोसेसरवर एकदा विंडोज चालू होतंय ना ते बघा. इथेच एक मेख आहे. अपडेटनंतर बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदी जातात. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी बायोसची सेटिंग) बंद झालं असेल, तर ‘बूट डिव्हाइस नाही’ असं येतं. डिस्क गेली नाही, घाबरू नका, सीएसएम परत चालू करा. तुमचं विंडोज कोणत्या पद्धतीचं आहे ते आधीच सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ समोर बघून ठेवा. ब्लूस्टॅक्ससारखं एम्युलेटर वापरत असाल तर त्याला लागणारी एसव्हीएम सेटिंगही बंद झालेली असेल, ती चालू करा.

आता प्रोसेसर. मशीन दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून गरम करा, मग बंद करून वायर काढा. याचं कारण आहे. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. जुनी पेस्ट वाळून कडक झालेली असते. थंड मशीनमध्ये कूलर सरळ वर ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. गरम असताना चारही स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा, सुटला की उचला. बोर्डामागची प्लेट त्याच चार स्क्रूंनी धरलेली असते. शेवटचा स्क्रू सुटताना ती निसटते, म्हणून मागचं पॅनल उघडून तिला बोटाने आधार द्या.

सॉकेटची दांडी वर करा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर सोडा. तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. बसत नसेल तर एखादी पिन वाकडी आहे. दांडी खाली करा, कूलर ठेवा, स्क्रू पुन्हा तिरप्या क्रमाने आवळा.

पहिल्यांदा चालू केल्यावर ‘नवा प्रोसेसर लागला, एफटीपीएम रीसेट करू का’ अशा अर्थाची सूचना येऊ शकते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) वापरत नसाल तर वाय दाबा. बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली आधी लिहून ठेवा, नाही तर डेटा अडकेल. आणि एचडीएमआयची वायर ग्राफिक्स कार्डातच लावा. २२००जी मध्ये बोर्डाच्या पोर्टवरही चित्र यायचं. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, तेव्हा त्या पोर्टवर कधीच काही दिसणार नाही.

रॅम सगळ्यात शेवटी. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. दोनच असतील तर प्रश्नच नाही. पहिल्या वेळी मेमरीची जुळणी चालते, मिनिटभर पडदा काळा राहतो, मशीन एक-दोनदा आपोआप रीस्टार्टही होते. बटण दाबत बसू नका. पाच मिनिटांनंतरही काहीच नसेल तर एकच स्टिक दुसऱ्या खाचेत लावून बघा, मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल वायर काढलेली असताना पाच मिनिटं काढून परत बसवा.

विंडोज सुरू झालं की काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात आणि ३२०० चे पैसे देऊन २१३३ किंवा २४०० वर वर्षानुवर्षं खेळतात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करावंच लागतं; काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं. नंतर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ३२०० दिसलं पाहिजे. सीपीयू-झेडमध्ये १६०० च्या आसपास आकडा दिसेल. तो निम्माच दाखवतो, तक्रार घेऊन दुकानात जाऊ नका. मग रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा. एक जरी चूक आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. तरीही आली तर स्टिक खराब, परत करा.

मशीन अचानक रीस्टार्ट होत असेल तर रॅमला दोष देण्याआधी मल्टीमीटरने भिंतीवरच्या स्विचबोर्डातलं व्होल्टेज मोजा, तेही संध्याकाळी सात ते नऊच्या वेळात. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट बघा. ‘१००-२४०’ असेल तर तो पडत्या व्होल्टेजला बराच तग धरतो. ‘२००-२४०’ लिहिलेला १७० व्होल्टवर गेममध्येच मान टाकेल. तिथे स्टॅबिलायझर लागतो, रॅम बदलून काही होत नाही. ताकदीच्या बाबतीत ४५० वॅट पुरेसे आहेत. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट ओढतो, १६५० साधारण ७५. बाकी सगळं धरून २५० च्या आत.

उन्हाळ्याचा हिशोब सोपा आहे. कॅबिनेटच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानाच्या वर चढत जातं. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० दाखवत असेल, तर मे महिन्यात टिनाखालच्या ४५ अंशांच्या खोलीत तो ९० ला जाईल, आणि ५६०० ची मर्यादा ९० च आहे. जळणार नाही, पण वेग कमी करून घेईल आणि तुम्हाला वाटेल अपग्रेड वाया गेला. बायोसमधल्या पीबीओच्या पानावर पीपीटी (प्रोसेसरने किती वॅट ओढायचे त्याची मर्यादा) ७६ ऐवजी ६० करून ठेवा. गेम प्रोसेसरला क्वचितच पूर्ण ताण देतात, त्यामुळे एफपीएसमध्ये फरक जाणवणार नाही आणि उष्णता कमी होईल. खोलीतला कूलर कॅबिनेटच्या तोंडावर लावू नका. त्याच्या हवेत पाण्याचे तुषार असतात. बाजूने हवा येऊ द्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. जवळ जिनिंग असेल तर कापसाचे तंतू प्रोसेसरच्या कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. दर दोन महिन्यांनी ब्लोअरने उडवा, पंखा बोटाने धरून, नाही तर तो उलटा भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं.

२२००जी ला विंडोज ११ चा पाठिंबा नव्हता, आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ५६०० वर तो प्रश्न मिटतो. मात्र विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सेटिंग बायोसमध्ये चालू लागतात. लेगसी पद्धतीचं विंडोज असेल तर आधी विंडोजच्याच एमबीआर२जीपीटी साधनाने डिस्क बदलावी लागेल, आणि त्याआधी फोटो-कागदपत्रांचा बॅकअप. बोर्ड तोच असल्याने विंडोजचं लायसन्स सहसा टिकतं.

खरेदी नागपूरच्या सीताबर्डीवरून करा नाही तर ऑनलाइन, प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या. एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी डब्यातल्या मालावर असते. ‘ट्रे’चा म्हणून थोडा स्वस्त मिळणारा प्रोसेसर फक्त दुकानाच्या शब्दावर येतो, आणि कूलरही मिळत नाही. बिलावर प्रोसेसरचा आणि दोन्ही स्टिकांचा सिरियल नंबर लिहून घ्या. पार्सल आलं तर उघडताना सलग व्हिडिओ काढा.

जुना २२००जी आणि जुनी स्टिक महिनाभर तरी विकू नका. नव्या जोडणीत पडदा काळा राहिला आणि दोष कार्डाचा की प्रोसेसरचा हे कळेना, तर २२००जी परत बसवून वायर बोर्डाच्या पोर्टला लावली की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. फक्त नव्या बायोसमध्ये त्याचा पाठिंबा राहिला आहे का, ते कंपनीच्या यादीत बघून घ्या. पिना वाकू नयेत म्हणून तो नव्या प्रोसेसरच्या रिकाम्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा.